तक्त्याची शेवटची ओळ

शेवटची ओळसुद्धा धडाधडा, असं बेकरीवाला म्हणाला आणि माझ्या हातातलं भिंग हातातच राहिलं. त्याच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम होती, एका डोळ्यापुढे काळी चकती होती, आणि समोरचा तक्ता वाचायचा सोडून तो माझ्याशी गप्पा मारत होता. तुमचे मिस्टर सकाळी पाव घ्यायला आले होते म्हणाला, सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून सांगत होते, की सैन्याच्या तपासणीत लेकीने एकेक डोळा झाकून सबंध तक्ता वाचून दाखवला, कुठे म्हणून अडली नाही, डॉक्टर नुसता बघत राहिला. असणारच की ताई, चष्मेवालीची मुलगी. मी त्याला म्हटलं, पुढची ओळ वाचा. तो मान पुढे काढत, प आहे की ष आहे असं करत वाचायला लागला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. हे असं वाचतात माणसं. ज्यांना दिसतं ती खालच्या ओळीला आली की थबकतात, डोळे बारीक करतात, एखादं अक्षर चुकतात आणि चुकलं म्हणून ओशाळतात. इतकी वर्षं मी या खुर्चीपाशी उभी आहे, माझ्याआधी माझे वडील उभे होते, आणि शेवटची ओळ धडाधडा वाचणारा माणूस आम्हा दोघांनाही कधी भेटला नाही. ती तशी वाचता येत नाही. पाठ असेल तर म्हणता येते. बेकरीवाल्याला मी सांगितलं, आज नंबर नीट लागत नाहीये, उद्या या. तो म्हणाला, पण डोकं दुखतंय हो. मी म्हटलं, तोंड जरा मिटून बघा, थांबेल. भला माणूस आहे, हसत हसत गेला. मला त्या दिवसांत भल्या माणसांचा फार राग येत होता.

मुलगी छावणीत जाऊन आठवडा होत आला होता. सोडायला नवरा गेला, मी गेले नाही. मी रोजच्या वेळेला दुकानाचं शटर वर केलं आणि काचा पुसत बसले. घर दुकानाच्या मागेच आहे, मध्ये एक दार आणि दाराला पडदा. पलीकडे तिच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. पडदा हलला तेव्हा वाटलं, आत येईल, पण तो वाऱ्याने हलला असावा. लोकांनी समजूत करून घेतली की आईला रडू आवरत नसेल. रडू कसलं, अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या. हे सगळं असं व्हायचंच नव्हतं. सैन्यात जाते म्हणून तिने सांगितलं तेव्हा मी भांडले नाही, आणि याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं, कारण मी कशावरूनही भांडते, गिऱ्हाइकाने दार नीट लावलं नाही एवढ्यावरूनसुद्धा. मी भांडले नाही कारण मला गरजच वाटली नाही. तिचा डावा डोळा काय लायकीचा आहे ते मला ठाऊक होतं. छावणीतला डॉक्टर तिचा उजवा डोळा झाकायला सांगेल, ती तिसऱ्या ओळीपाशी थांबेल, तो मान हलवेल आणि ती घरी येईल. माझ्या वाटचं भांडण तो भांडेल, वाईट तो ठरेल, आणि मी तिला चहा करून देईन. म्हणून तर मी तिला धावायचे बूट घेऊन दिले, तेही हसतमुखाने. तेव्हा तिने माझ्याकडे रोखून बघितलं होतं, मान किंचित वळवून, उजवा डोळा पुढे काढून ती बघते तसं. मला वाटलं बूट आवडले. पुढे निवड झाल्याचं नवऱ्याने दारातूनच ओरडून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर गाढव असणार. त्यावर घरात एक शब्द मी कुणाला बोलू दिला नाही, आणि म्हणूनच ती धडाधडाची गोष्ट मला सोडून गावभर झाली.

त्या डोळ्याकडे बघून कुणाला काही कळणार नाही. सुंदर डोळा आहे, उजव्यापेक्षा कणभर मोठाच. पण अगदी तान्ही असतानाच त्याने बघायचं सगळं काम उजव्यावर ढकललं आणि आपण शोभेला राहिला. आळशी डोळा म्हणतात त्याला. तो नुसत्या चष्म्याने ताळ्यावर येत नाही. इलाज एकच, तोही मूल लहान आहे तोवर: चांगल्या डोळ्यावर चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे आळशाला कामाला लागावंच लागतं. मी पट्टी लावायची, ती ओरबाडून काढायची, मी पुन्हा लावायची. पट्टी लावली की ती चौकटीवर आपटायची, उंबऱ्याला अडखळायची, आणि रडली की पट्टी भिजून सुटायची, की मी कोरडी लावायची. शाळेत मुली तिला 'शटर' म्हणून चिडवायच्या. घरातलं नाव भिंगरी. ते माझ्या वडिलांनी ठेवलेलं, कारण चालायला लागल्यापासून ती दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर बसून गरगर फिरायची आणि दर फेरीला तक्ता समोर आला की एक अक्षर म्हणायची. दुसऱ्यांची मुलं बडबडगीतं म्हणतात, आमचीने शेवटची ओळ म्हटली. प, ख, त, न, ग, ड, र, ल. वडील तिला चढवायचे, गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. आणि तो तक्ता काही आमच्या एकट्याचा नव्हता. एकाच छापखान्यातून निघालेला, चष्म्याची दुकानं, दवाखाने, शाळा, जिकडे तिकडे तोच, अक्षरं तीच आणि क्रमही तोच. एवढी मोठी फौज, पण डोळे तपासायला तिनेही तोच भिंतीवर लावला होता. शत्रूला काय घाबरवतात हे लोक कोण जाणे.

ती दुसरीत असतानाची गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोवर मान हलवली होती, आता फारसा फरक पडायचा नाही म्हणाले होते, पण मी पट्टी सोडायला तयार नव्हते. रोजच्यासारखं तिला खुर्चीत बसवलं, मागे उभी राहिले, तिच्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि म्हटलं, वाच. तिने वाचलं. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालपर्यंत, एक अक्षर न चुकता. इतके महिने केलेल्या छळाचं चीज झालं, डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून झालं, असं काय काय मनात आलं, आणि कसं कोण जाणे, माझा दुसरा तळवा उठला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसला. दोन्ही डोळे झाकलेले. ती वाचतच होती. ग, ड, र, ल. मग म्हणाली, झालं आई, आता पट्टी नको. माझ्या तळव्यांखाली तिच्या पापण्या हलत होत्या. मला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि आपली चोरी पकडली गेली हे लक्षात आल्यावर ती माझ्या हाताला कडकडून चावली. बराच वेळ आम्ही दोघी तिथेच होतो, ती खुर्चीत, मी खाली जमिनीवर. मग आमचा करार झाला. पट्टी बंद, आणि डोळा बरा झाला असं बाबांना सांगायचं. नवरा त्या पट्टीपायी माझ्याशी धड बोलत नव्हता, पोरीला छळतेस म्हणायचा. डोळा सुधारला म्हटल्यावर त्याने तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याला चांगलीच बातमी हवी असते त्याला ती द्यावी आणि मोकळं व्हावं.

तेव्हापासून तो डोळा आमच्या दोघींचा झाला. माझी आणि तिची दुसरी काही फारशी गट्टी नव्हती. ती उलट बोलायची, मी चढ्या आवाजात बोलायची, दारं आपटली जायची. पण रस्त्यात मी कायम तिच्या डाव्या बाजूने चालायची. कडेकडेचं त्या डोळ्याला दिसतं, हे धंद्यामुळे मला कळतं. माझं डावीकडे चालणं काही शास्त्राला धरून नव्हतं. पण चालायची. ती ग्लासात पाणी ओतायला लागली की मी दुसरीकडे बघत ग्लास बोटभर सरकवायची, कारण अंतराचा अंदाज तिला येत नाही, धार बाहेर जाते. अनोळखी जिना उतरताना मी एक पायरी पुढे राहायची. आम्ही याबद्दल कधी बोललो नाही. मोठी झाल्यावर एकदाच म्हणाली, "तू डावीकडून चालतेस ना, तेव्हा मला रस्ता दिसतच नाही. तूच दिसतेस." मी म्हटलं, मग बरंच आहे. ती काय म्हणत होती ते मला चांगलं कळलं होतं. कळून मी तिथूनच चालत राहिले. माझ्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं ते मला ऐकायचं नाही.

घरात आता नवऱ्याचा उत्साह ओसंडून वाहत होता. माणूस वीज कचेरीत कारकून आहे. साहेबांनी खुर्ची मागितली तर टेबलसुद्धा देईल अशातला. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात अरे. मुलगी गेल्यापासून हा अरे एकदम ताठ चालायला लागला. छावणीत ब्लँकेटची घडी चौकोनी लागते असं कुणीतरी सांगितलं, तर सकाळी उठून स्वतःच्या ब्लँकेटच्या कडा बोटांनी दाबत बसलेला. दाढी रोज. भाजी चिरताना मला म्हणाला, सुरी हातात धरण्याचीसुद्धा एक शिस्त असते. मी सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, चिरा मग शिस्तीत. मुलीची कॉट त्याने हलवू दिली नाही, आणि मला ती हलवायची होती. रिकामी कॉट, त्यावर ताणून घातलेली चादर, शेजारी तिच्या जुन्या चपला. हे सगळं पडद्याच्या पलीकडे आहे हे मला दुकानात उभं असताना पाठीत जाणवायचं. खरं सांगून टाकावं असं एकदा ओठांपर्यंत आलं होतं. म्हणजे तो घाबरेल, त्याची ताठ पाठ मोडेल, आणि आपल्या कचेरीतल्या कुणातरी साहेबाला सांगून मुलीला परत आणवेल. पण तो तसं करणार नाही. तो म्हणेल, एवढी वर्षं तुम्ही दोघींनी मला फसवलंत? आणि मग त्याच गोष्टीत लोळत राहील. मुलगी बाजूला राहील आणि समजूत याची काढावी लागेल. मी गप्प बसले. माझ्या डोळ्यांपुढे ती मात्र कुठल्यातरी भिंतीवरून उडी मारत होती, खाली खड्डा किती खोल आहे याचा अंदाज नसताना. दिवसातून कितीदा तरी मारत होती. चष्म्याला स्क्रू लावताना मारत होती, दूध उतू जाताना मारत होती. डोळ्यांआड झाली की माया वाढते, असं बेकरीवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबर काढायला आला तेव्हा म्हणाला. माझ्या दुकानात येऊन लोकांना डोळ्यांवरच बोलायचं असतं.

छावणीतून फोन करायला रविवारी सकाळची वेळ देतात. आमचा फोन दुकानात, गल्ल्याशेजारी. त्या रविवारी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकाच्या बाकावर बसला होता. त्याचं बोलणं आधी झालं, म्हणजे तो विचारत गेला आणि स्वतःच उत्तरं देत गेला. मग फोन माझ्याकडे दिला आणि आत चहा टाकायला गेला. तिच्या मागे रांगेतल्या मुलींचा गलबला ऐकू येत होता. जेवतेस का, हो. पाय दुखतात का, सगळ्यांचेच दुखतात. मग मी आवाज खाली आणून विचारलं, तक्ता आपलाच होता ना. तिने मागच्या मुलीला जरा लांब उभी राहा म्हटलं. मग म्हणाली, हो. मी म्हटलं, पुन्हा तपासतील. ती म्हणाली, तपासणार आहेत, सध्या रिकाम्या बंदुकीने सराव चालू आहे, गोळ्या हातात द्यायच्या आधी पुन्हा एकदा सगळ्यांची तपासणी होते. तेव्हाही तोच तक्ता असेल. हे तिने इतक्या निवांतपणे सांगितलं की माझी कानशिलं तापली. "तू कुणाला काही बोलू नकोस, आई." मी म्हटलं, मी कशाला बोलू. आणि मी दिलेला शब्द पाळला, कुणालाही काही बोलले नाही.

चष्म्याचं सामान पुरवणारा एजंट मागेच नवे तक्ते देऊन गेला होता, नमुना म्हणून दोन. जुन्याची अक्षरं लोकांना पाठ झालीत म्हणाला, म्हणून कंपनीने अक्षरं बदलली, आणि वर आणखी एक हुशारी केली: तक्ता दोन्ही बाजूंनी छापला. एक बाजू उजव्या डोळ्याला, मग तक्ता उलटायचा आणि दुसरी बाजू डाव्या डोळ्याला. उजव्याने वाचलेलं डाव्याच्या उपयोगाचं नाही. मी ते तक्ते गल्ल्याखाली सरकवून विसरून गेले होते. सोमवारी दुपारी दुकान रिकामं असताना मी छावणीच्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडे कुणीतरी कंटाळलेला कंपाउंडर होता. मी म्हटलं, आम्ही डोळ्यांचे तक्ते ठेवतो, सैन्यासाठी एक भेट म्हणून पाठवायचा आहे. तो म्हणाला, पाठवा की, आमचा खालून फाटलाय, चिकटपट्टी लावून चालवतोय. माझ्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं, गिऱ्हाइकाशी बोलते तशी बोलले. मग तक्ता गुंडाळला, नळकांड्यात घातला, पत्ता घातला आणि स्वतः जाऊन टाकून आले. परत येताना बेकरीतून केकचा तुकडा घेतला आणि रस्त्यात उभी राहून खाल्ला. मला वाईट वाटलं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. कितीतरी दिवसांनी चव लागली होती. दुकानात परत आल्यावर मात्र गल्ल्यावर शिक्का दिसला. उघडा, शाईत भिजलेला. आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर, चष्म्याच्या डबीपासून पुसायच्या फडक्यापर्यंत, वडिलांचा शिक्का मारलेला असतो, गोल फ्रेमचा चष्मा आणि खाली दुकानाचा पत्ता. लहानपणापासूनची सवय. तक्ता गुंडाळायच्या आधी माझ्या हाताने खालच्या कोपऱ्यात तो मारून टाकला होता, आणि मला पत्तासुद्धा लागला नव्हता.

असू दे, म्हटलं. कळलं तर कळलं. घरी तर येईल. पुढचे दिवस मी तिच्या येण्याची तयारी केली, म्हणजे मनातल्या मनात तिच्याशी भांडून घेतलं. ती म्हणायची, तू माझं वाटोळं केलंस. मी म्हणायची, वाटोळं झालेली मुलगी चालेल मला, जिवंत हवी. ती म्हणायची, तुला मी कायम आंधळीच हवी होते. यावर मी पुन्हा पहिल्यापासून भांडण सुरू करायची. जुना तक्ता नजरेसमोर नकोसा झाला होता, म्हणून भिंतीवरून काढला आणि नव्यातला उरलेला टांगला. नवरा दुकानात आला, तक्ता बदललास का म्हणाला. मी म्हटलं, पिवळा पडला होता. त्याने जुन्याची गुंडाळी उचलली, कवटाळल्यासारखी धरली आणि आत घेऊन गेला. भिंगरीचा तक्ता आहे, टाकायचा नाही म्हणाला. माझ्या मनात आलं, याला तरी ती का आवडते? याला तिच्याबद्दल खरं असं काय माहीत आहे? आणि मग असंही आलं की ज्याला तिचं काही माहीत नाही त्याच्याशी ती तासभर हसत बोलते, आणि जिला सगळं माहीत आहे तिच्याशी दोन वाक्यं. गिऱ्हाइकं नवी अक्षरं वाचताना चाचपडत होती. मी त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत होते, आता बरं की मघाशी बरं, असं विचारत होते, आणि कुणीही काहीही सांगितलं तरी मला त्यांचं खरं वाटत नव्हतं.

रविवार आला. नवरा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर. फोन वाजला तो मी उचलला, आणि ती म्हणाली, बाबांना नंतर दे. तिच्या आवाजात राग नव्हता. रागाची मी वाट बघत होते, त्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"दवाखान्यात नवा तक्ता लागलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, असं का.

"खाली कोपऱ्यात आजोबांचा शिक्का आहे."

मागे मुलींचा गलबला चालू होता, कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. नवरा बाकावरून हातानेच विचारत होता, काय म्हणते, बरी आहे ना. मी त्याच्याकडे पाठ केली. ती सांगत गेली, अगदी सपाट आवाजात, की दवाखान्याच्या दारातून उजव्या डोळ्याची बाजू दिसते, ती तिने वाचून ठेवली, पण दुसरी भिंतीकडे आहे आणि खोलीला कुलूप असतं. तपासणी शुक्रवारी. नापास झाले तर संध्याकाळी गाडीत बसवून देतील. येईन घरी, दुसरं कुठे जाणार. तुझंच खरं झालं. हे शेवटचं वाक्य मला हवं होतं. कितीतरी वर्षं हवं होतं, प्रत्येक भांडणाच्या शेवटी, आणि आज ते मिळालं तेव्हा ते कुठे ठेवावं कळेना. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "एक सांगू? इथे नेम धरायला शिकवतात ना, तेव्हा डावा डोळा मिटायला सांगतात. सगळ्यांना. जमिनीवर पालथ्या पडलेल्या असतो आम्ही, एका ओळीत, आणि सगळ्या जणींचा डावा डोळा मिटलेला. आई, पहिल्यांदाच सगळ्या माझ्यासारख्या."

मला तिचा राग आला. आजही आहे. असं काहीतरी बोलून माणसाच्या हातातलं काढून घ्यायचं, ही तिची जुनी खोड. मला ती ओळ दिसत होती, पालथ्या पडलेल्या मुली, गवत, आणि त्यांत एक माझी, आणि तिला चिडवणारं कुणी नाही, कारण सगळ्यांचीच शटरं पडलेली. तिच्या डावीकडे दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी पडली असेल. तिथे मी नव्हते, आणि मी नसल्यामुळे तिला समोरचं दिसत होतं. पट्टी लावताना ती माझे हात धरायची ते आठवलं. तिच्या नखांचे ओरखडे तेव्हा माझ्या मनगटावर असायचे आणि मी ते गिऱ्हाइकांपासून लपवायची. तीच मनगटं. तीच मी. घरी आली तर ती माझ्यासमोर बसेल, जेवेल, झोपेल, आणि मान वळवून उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघायचं बंद करेल. मला ती जिवंत हवी होती. पण पलीकडे फोनवर इतकी जिवंत ती माझ्या घरात कधी नव्हती.

मी फोनची वायर ताणून भिंतीपर्यंत गेले आणि तक्ता उलटून डाव्या डोळ्याची बाजू पुढे केली.

"लिहून घेऊ नकोस," मी म्हटलं. "पाठ कर. वरच्या तीन ओळी तुझ्या तुला दिसतील. चौथी. ग, ल, त, ख."

मला वाटलं फोन कट झाला. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, ग, ल, त, ख. मी पाचवी सांगितली, तिने म्हटली. सहावी सांगितली, तिने म्हटली. मध्ये तिच्या मागची मुलगी कुरकुरली, आवर ना, आमचं पण आहे. ती म्हणाली, थांब ग, आईशी बोलतेय. सातवी. मग शेवटची, बारीक अक्षरांची. ती वाचायला मला स्वतःला तक्त्याजवळ जावं लागलं. ड, न, प, ख, ल, र, ग, म. बाकावर नवरा खुशीत आला होता. त्याला वाटलं आमचा जुना खेळ चाललाय. तो उठून रिकाम्या खुर्चीपाशी आला आणि एका बोटाने ती सावकाश फिरवायला लागला, आणि माझ्याकडे बघून हसला. पोरीला आठवतंय बघ अजून, म्हणाला. मी मान डोलावली. मी काय करतेय ते मला नीट कळत होतं. माझ्या तोंडाने मी तिला परवानगी देत नव्हते, आशीर्वाद तर नाहीच. मी अक्षरं सांगत होते, एकामागून एक, आणि प्रत्येक अक्षराबरोबर ती माझ्यापासून लांब जात होती.

"आता सगळं म्हण," मी म्हटलं.

तिने म्हटलं. चौथ्या ओळीपासून शेवटपर्यंत, एका दमात, पाणी ओतावं तसं. पोरीची पाठांतरशक्ती जबर आहे, ती तिला आजोबांकडून आली. नवऱ्याने टाळी वाजवली.

"अशी नाही," मी म्हटलं. "एवढी धडाधडा म्हणालीस तर कुणालाही कळेल. दिसणारी माणसं खाली आली की थांबतात. डोळे बारीक करतात. एक अक्षर चुकतात, मग दुरुस्त करतात. शेवटच्या ओळीला अडखळ."

"कशी?"

"दिसत असतं तर अडखळली असतीस तशी."

खुर्ची फिरायची थांबली. मग ती म्हणायला लागली, ड, आणि मग न, आणि मग जरा थांबून प, की ष, नाही, प, आणि मग पुढचं अक्षर शोधत असल्यासारखी गप्प झाली, आणि तिच्या त्या गप्प होण्यात, तिला ते समोर दिसतंय असं मला वाटलं.